उपग्रहाची साक्ष

अपघात काही क्षणांत घडतो आणि त्याचा निवाडा होण्यास वर्षे लागतात. या दोहोंच्या मध्ये सत्याची जी झीज होते, तिचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. रस्त्यावर विखुरलेल्या काचा झाडून टाकल्या जातात, टायरच्या खुणा दुसऱ्या दिवशीच्या रहदारीत पुसल्या जातात, प्रत्यक्षदर्शी आपापल्या वाटेने निघून जातात. जो साक्षीदार सापडतो, तो पिंजऱ्यात उभा राहीपर्यंत एक तर बरेच विसरलेला असतो, नाही तर फितूर झालेला असतो. मग ज्याच्या घरचा कर्ता माणूस गेला त्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? आणि ज्या चालकाची काहीच चूक नव्हती, त्याने आपली निर्दोषता कशाच्या आधारे सिद्ध करायची?

हा प्रश्न मूठभरांचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रातील बळींची संख्या १५ हजारांहून अधिक होती. मृतांमध्ये दुचाकीस्वार आणि पादचारी यांचेच प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक होते. म्हणजेच मरणारा बहुधा साधा माणूस असतो. त्याच्यामागे ना वकिलांची फौज असते, ना तज्ज्ञ नेमण्याची ऐपत. अशा माणसाच्या बाजूने बोलणारा, लाच न घेणारा आणि धमकीला न घाबरणारा साक्षीदार आज अनेक वाहनांत बसवलेला आहे. तो म्हणजे वाहनाचे स्थान, वेळ आणि वेग यांची नोंद ठेवणारे जीपीएस यंत्र. प्रश्न एवढाच आहे, की या साक्षीदाराला न्यायालयापर्यंत सुखरूप पोहोचवण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे काय?

सरकारी अहवालांतील एक विसंगती येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. २०२२ मधील सुमारे ७१ टक्के अपघाती मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदवले गेले. अहवालातील कारणाचा हा रकाना पोलिसांच्या नोंदींवरून भरला जातो. परंतु वेग मोजला कोणी? घटनास्थळी उशिरा पोहोचलेला अंमलदार वाहनाची मोडतोड पाहतो, दोन-चार जणांना विचारतो आणि ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे’ हे ठरावीक शब्द फिर्यादीत उमटतात. न्यायालयात या शब्दांचे पुढे काय होते? कर्नाटकातील एका मालट्रकच्या अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच स्पष्ट केले, की वाहन ‘भरधाव’ होते एवढे म्हटल्याने बेदरकारपणा वा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. वेग ही सापेक्ष गोष्ट आहे आणि भरधाव म्हणजे नेमके काय, हे अभियोग पक्षाने दाखवून दिले पाहिजे. त्या खटल्यात ते दाखवता आले नाही आणि चालक निर्दोष ठरला. न्यायालयाचे म्हणणे रास्तच होते. उणीव पुराव्याची होती.

ती उणीव भरून काढण्याचे साधन पुढे देशाच्या हाती आले. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये धावत्या बसमध्ये घडलेल्या निर्घृण अत्याचारानंतर सार्वजनिक वाहनांतील सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यातून केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम समाविष्ट झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र व आपत्कालीन बटण सक्तीचे झाले. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना यातून वगळण्यात आले. या यंत्रांसाठी ‘एआयएस-१४०’ हे मानक ठरले. मालवाहतूक करणारे अनेक व्यावसायिक तर आपल्या गाड्या कोठे आहेत हे कळावे, म्हणून स्वतःहूनच अशी यंत्रे बसवतात. यंत्रे बसली, त्यांवर खर्च झाला, नोंदी साठू लागल्या. परंतु अपघात घडताच ती नोंद ताब्यात घेऊन मोहोरबंद करण्याची शिस्त जोवर तपासात रुजत नाही, तोवर हा सारा प्रकार ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ अशातलाच राहणार.

यंत्राची साक्ष म्हणजे ब्रह्मवाक्य, असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या जीपीएस संकेतांत अमेरिका पूर्वी मुद्दाम त्रुटी मिसळत असे. मे २००० मध्ये ती बंद झाली आणि मोकळ्या आकाशाखाली काही मीटरपर्यंतची अचूकता शक्य झाली. पण बोगद्यात संकेत पोहोचत नाहीत, घाटातील कड्यांमुळे आकाश झाकले जाते आणि शहरांतील उंच इमारतींवर आदळून आलेला संकेत वाहनाची जागा भलतीकडेच दाखवू शकतो. बोरघाटातील बोगद्याच्या तोंडाशी झालेला अपघात आणि सोलापूर रस्त्यावरील उघड्या माळरानावर झालेला अपघात यांच्या नोंदी एकाच विश्वासाने वाचता येणार नाहीत.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. यंत्र क्षणाक्षणाची नोंद ठेवीलच असे नाही. ते ठरावीक अंतराने नोंद करते. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते. नोंद दर दहा सेकंदांनी होत असेल, तर दोन नोंदींच्या मध्ये अडीचशे मीटरचा रस्ता येतो. एका नोंदीत वेग ८८ आणि पुढच्या नोंदीत शून्य, एवढेच कागदावर दिसेल. मधल्या काळात चालकाने ब्रेक केव्हा दाबला, समोर अचानक कोण आले, गाडी वळवण्याचा प्रयत्न झाला काय, याविषयी ती नोंद मौन पाळील. तिसरी बाब वेळेची. ही यंत्रे अनेकदा जागतिक प्रमाणवेळ नोंदवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी झालेला अपघात कागदावर सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांचा दिसू शकतो. हे न जाणणारा तपास अधिकारी खरा पुरावाही हातचा घालवून बसेल आणि हे जाणणारा चतुर वकील त्याचा पुरेपूर लाभ उठवील.

शिवाय स्थान आणि वेग म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. सुकाणूवर कोण होते, सिग्नल लाल होता की हिरवा, पादचारी कोणत्या बाजूने आला, हे उपग्रहाला दिसत नाही. म्हणून ही नोंद टायरच्या खुणा, वाहनाची मोडतोड, शवविच्छेदनाचा अहवाल, टोलनाक्यावरील फास्टॅगची वेळ आणि कॅमेऱ्यांची चित्रे यांच्या शेजारी ठेवूनच वाचली पाहिजे. चार पुरावे परस्परांशी जुळले, तर त्यांतून उभे राहणारे सत्य कोणत्याही फितुरीला पुरून उरते.

कायद्याची चौकट याबाबत गाफील नाही. इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात घेण्यासाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ज्या खटल्यात दिला, तो महाराष्ट्रातलाच होता. जालना विधानसभा मतदारसंघातील अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा तो निवडणूक वाद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ही अट अधिक काटेकोर केली. आता प्रमाणपत्रावर यंत्राचा वा संबंधित कामाचा कारभार पाहणाऱ्याबरोबरच तज्ज्ञाचीही स्वाक्षरी लागते आणि नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे एक अक्षर बदलले तरी बदलणारी तिची अंकीय मोहोर, नमूद करावे लागते. फेरफारीला आळा घालणारी ही तरतूद स्वागतार्हच आहे.

परंतु व्यवहारातील पेच येथेच सुरू होतो. नोंद असते वाहनमालकाच्या किंवा त्याने नेमलेल्या यंत्रसेवा कंपनीच्या हाती. प्रमाणपत्रही त्यांनीच द्यायचे. नोंद मालकाला सोयीची असली तर ती तत्परतेने हजर होते. गैरसोयीची असली तर यंत्र नेमके त्याच दिवशी बिघडलेले असते! मृताच्या विधवेने अशा वेळी प्रतिपक्षाच्याच दारात पुरावा मागायला जायचे काय? न्यायालयाकडून नोंद हजर करण्याचा आदेश मिळवण्याचा मार्ग तिला मोकळा आहे, हे खरे. पण आदेश होईपर्यंत नोंद शिल्लक राहिली पाहिजे ना! मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, एवढेच पाहिले जाते. तेथे दहा मिनिटांची एक विश्वासार्ह नोंदसुद्धा एका कुटुंबाचे भवितव्य ठरवू शकते.

ही नोंद चालकांच्या विरुद्धच वापरली जाईल, अशी समजूतही निराधार आहे. अपघातानंतर जमाव सर्वप्रथम मोठ्या वाहनाच्या चालकावर तुटून पडतो; दोष कोणाचा, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. अपघात करून खबर न देता पळणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभरातील मालट्रक चालक रस्त्यावर उतरले. संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली, तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवावे लागले. थांबलो तर जमाव मारील आणि निघालो तर कायदा पळपुटा ठरवील, ही चालकांची भीती खोटी नव्हती. जमावाच्या भयाने निघालेला चालक थेट पोलीस ठाण्यात गेला की आडवाटेने पसार झाला, याचे उत्तर वाहनातील हीच नोंद देऊ शकते. प्रामाणिक चालकाचे ते कवच आहे.

त्याहून महत्त्वाचा लाभ रस्त्यांचा. एकाच वळणावर वेगमर्यादेत चालणारी वाहने पुनःपुन्हा घसरत असतील, तर दोष चालकाचा नसून रस्त्याच्या आखणीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९८-ए सदोष रस्त्यासाठी सल्लागार आणि कंत्राटदार यांनाही जबाबदार धरते. ‘अतिवेग’ हा शब्द लिहून प्रकरण मिटवले, की ही मंडळी आपोआप सुटतात. मोजलेला वेग पुढे आला, तर त्यांनाही उत्तर द्यावे लागेल.

खासगीपणाचा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. जुलै २०२४ मध्ये तर जामिनावरील आरोपीने आपले स्थान सतत पोलिसांना कळवत राहावे, ही अटही न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे अपघाताचे निमित्त करून कोणाच्या महिनाभराच्या प्रवासाचा माग काढणे सर्वथा अनुचित ठरेल. मागावी ती अपघाताच्या आधीच्या आणि नंतरच्या मर्यादित वेळेची नोंद. त्यापलीकडे जायचे असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा.

उपाय अवघड नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणास सादर करावयाचा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या काटेकोर पालनाचे निर्देश दिले. वाहनात स्थानदर्शक यंत्र असल्यास त्याची नोंद त्याच ४८ तासांत हॅश मूल्यासह मोहोरबंद व्हावी आणि तिची प्रत पीडित कुटुंब, चालक व विमा कंपनी या सर्वांना विनामूल्य मिळावी. तपासात जप्त झालेल्या नोंदी सुरक्षित राखण्याचे निर्देश २०२० च्या त्याच निकालात दूरध्वनी व इंटरनेट सेवा कंपन्यांना देण्यात आले होते. तेच बंधन यंत्रसेवा कंपन्यांवरही घालावे. नोंद दडवणाऱ्या वा नष्ट करणाऱ्या मालकाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढण्यास न्यायाधिकरणांनी कचरू नये. आणि या नोंदी वाचू शकणारे तज्ज्ञ जिल्हा पातळीवर उपलब्ध करून द्यावेत. अन्यथा पुरावा असूनही त्याचा अर्थ लावणारा कोणी नाही, अशी अवस्था होईल.

न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते ती निःपक्षपातासाठी. समोर आणता येण्याजोगे सत्य तिच्यापासून दूर ठेवण्यासाठी ती पट्टी नाही. हजारो किलोमीटर उंचीवरून आलेल्या संकेतांनी टिपलेले सत्य पोलीस ठाण्याच्या टेबलावर हरवत असेल, तर दोष तंत्रज्ञानाचा म्हणता येणार नाही. खटल्याच्या तारखा पडू लागल्यावर नोंदीचा शोध घेणे म्हणजे वरातीमागून घोडे नाचवणे होय. ती पहिल्या दोन दिवसांतच जपली गेली पाहिजे. रस्त्यावर गेलेला जीव कोणताही उपग्रह परत आणू शकणार नाही. त्या जिवाच्या मृत्यूचे खरे कारण त्याच्या आप्तांना कळावे, एवढे कर्तव्य मात्र शासनाला आणि समाजाला निश्चितच पार पाडता येईल.