ब्लेड नवे, मशीन तेच

रविवारी सकाळी सलूनमध्ये दाढीला बसलेला माणूस एक प्रश्न न विसरता विचारतो, ‘ब्लेड नवीन आहे ना?’ शेजारच्या खुर्चीतला त्याचा मुलगा मात्र काहीच विचारत नाही. त्याच्या कानापासून मानेपर्यंत झिरो मशीन फिरत असते आणि तेच मशीन पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्या कुणाच्या तरी मानेवर फिरलेले असते.

ब्लेडचा हा प्रश्न तसा फार जुना नाही. धोपटी घेऊन घरोघर जाणाऱ्या नाभिकाकडे वस्तरा एकच असे. चामड्याच्या पट्ट्यावर घासलेल्या त्या वस्तऱ्याने अख्ख्या आळीच्या दाढ्या होत. कापले तर तुरटीचा खडा, तोही सगळ्यांना एकच. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. पुढे त्याची धास्ती गावोगाव पोचली आणि अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा सगळीकडे रुळला. गंमत अशी, की वस्तऱ्यातून एचआयव्ही पसरण्याची शक्यता मुळात फार कमी. खरा धोका होता हिपॅटायटिस बीचा. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. भीती एका रोगाची धरली आणि संरक्षण दुसऱ्यापासूनही मिळाले, हे बरेच झाले.

केसांची तऱ्हा मात्र बदलत राहिली. सत्तरच्या दशकात कान झाकणाऱ्या केसांवरून बाप-लेकांची भांडणे झाली. २००३ मध्ये ‘तेरे नाम’ आला आणि मधोमध भांग पाडलेली पोरे गल्लीगल्लीत दिसू लागली. पण ही सगळी करामत कात्री-कंगव्याची होती. आजचा ‘फेड’ म्हणजे बाजूचे केस त्वचेपर्यंत उतरवणे. दाढीसुद्धा आता काढायची नसते, ‘सेट’ करायची असते. दोन्ही कामे मशीनची, आणि तेही कातडीला अगदी घासून.

मशीनच्या दात्यांत केसांचे तुकडे आणि त्वचेचा कोंडा अडकतो. गजकर्णाची बुरशी राहते ती त्यातच. मशीनने पडलेले बारीक ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, बुरशीला तेवढे पुरतात. स्पेनमध्ये अलीकडे फेड करणाऱ्या किशोरवयीन मुलांच्या मानेवर आणि डोक्यावर गजकर्ण वाढल्याचे तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले आहे. आपल्याकडचे हवामान तर बुरशीला अधिकच मानवणारे.

त्यात भर पडते मलमाची. चट्टा खाजू लागला की मुलगा औषधाच्या दुकानातून ट्यूब आणतो. तिच्यात बहुतेकदा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी खाली निवांत पसरत राहते. २०१८ मध्ये सरकारने अशा चौदा स्टेरॉइड्सची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. ट्यूब अजूनही सहज मिळते. दवाखान्यात येईपर्यंत चट्ट्याचे मूळ रूपच बदललेले असते आणि काही आठवड्यांत बरा होणारा आजार महिनोन् महिने रेंगाळतो.

यात नाभिकाला दोष देऊन भागणार नाही. रांगेत दहा जण घाई करत असताना मशीन पुसायला थांबणार कोण? ब्लेडही गिऱ्हाइकाने विचारले म्हणूनच बदलले होते. तसेच आता मशीनचे विचारावे. आधी ब्रशने केस झाडायचे, मग दाते जंतुनाशक स्पिरिटने पुसायचे. दोन मिनिटांचे काम आहे. गळ्याभोवतीचा नॅपकिन घरून नेला तर उत्तम. मानेवर पुटकुळ्या किंवा कठीण गाठी असतील तर तिथे झिरो मशीन लावूच देऊ नये, कारण तुटलेले केस आत वळतात आणि गाठी वाढतात. गजकर्ण झालेल्यानेही बरे होईपर्यंत सलून टाळावे, किंवा निदान नाभिकाला तसे सांगावे. लाज वाटते हे खरे, पण पुढच्या गिऱ्हाइकाची मान त्याच मशीनखाली जाणार असते.

आणि नाभिकाने स्वतः हिपॅटायटिस बीची लस घेतलेली असावी. तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण होतात. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताजवळ बोटे असतात ती त्याचीच.