चाईला गोळीची घाई नको

मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत चकती दिसली की घरात काळजी सुरू होते. कुणी म्हणते किड्याने केस खाल्ले. मग लसूण चोळून होतो, गुंज उगाळून होते. (गुंजेचे बी विषारी आहे, लहान मूल असलेल्या घरात ते नसलेलेच बरे.) महिनाभरात केस आले नाहीत की मंडळी आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, काहीतरी जोरदार द्या." हे जोरदार औषध म्हणजे स्टेरॉईडची गोळी. साध्या चाईसाठी ती मुलांना देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाईत किडा नसतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. मुळे मात्र जिवंत राहतात. म्हणून एखाद-दुसरी चकती असेल तर बहुतेक मुलांचे केस वर्षभरात आपोआप येतात. ते आधी पांढरे दिसले तरी घाबरू नये. श्रेय मात्र शेवटी लावलेल्या औषधाला मिळते! चकतीवर कोंडा, खाज, तुटके केस असतील तर तो बहुधा नायटा. त्याचे औषध वेगळे आणि त्यावर स्टेरॉईडचे मलम चोळल्यास तो चिघळतो.

त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या मलमाला माझी हरकत नाही. गोळीचे तसे नाही. तिने केस येतात, पण बंद केल्यावर पुष्कळदा पुन्हा गळतात. मग गोळी लांबत जाते. चेहरा गोल होतो, वजन वाढते आणि मुलाचे अंग भरले म्हणून आजी खूष होते. इकडे उंची खुंटते, रक्तदाब वाढू शकतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर गोळ्या आणणारे पालकही मी पाहतो.

सगळ्या डोक्याचे केस झपाट्याने जात असतील तर गोष्ट निराळी. तेथे तज्ज्ञ काही काळ गोळी देतात, वजन-उंची-रक्तदाब मोजत. अमेरिकेत २०२३ साली १२ वर्षांवरील मुलांच्या तीव्र चाईसाठी रिटलेसिटिनिब या नव्या औषधाला मान्यता मिळाली. तेही तज्ज्ञांच्याच हातचे.

तोवर शाळेत जाऊन गुरुजींना सांगा की हा रोग संसर्गजन्य नाही, मुलाला टोपी घालून बसू द्या. आणि हा लेख वाचून, चालू असलेली गोळी कुणीही एकदम बंद करू नये. महिनोन्महिने घेतलेले स्टेरॉईड अचानक थांबवले तर मूल गंभीर आजारी पडू शकते. डॉक्टरांकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्यावी.