शेवटच्या बांधीपर्यंत

धानाच्या मुलखात पाण्याचा न्याय कसा मोजावा, हे कोणाला शिकवावे लागत नाही. तलाव किती तुडुंब भरला यावर येथे कोणी समाधान मानीत नाही. पाटाच्या टोकाला असलेल्या शेवटच्या बांधीत पाणी पोचले की नाही, हेच पाहिले जाते. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला असून तो सुमारे तीन शतकांचा आहे. तलाव बांधण्यात पिढ्यान् पिढ्या निष्णात असलेल्या कोहळी समाजाच्या मुलखातील ही कसोटी कायद्यालाही लावून पाहण्यासारखी आहे; विशेषतः अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याला.

या गावी राहून वकिली करणारा, पायांनी अधू असलेला एखादा वकील कल्पावा. सकाळी चहाच्या पेल्यासमवेत तो वर्तमानपत्र वाचतो, धानाच्या भावावरून सरकारला दोष देतो, नव्या चित्रपटातील गाणी जुन्यांच्या तोडीची नाहीत म्हणून हळहळतो. येथवर त्याच्यात आणि त्याच्या शेजाऱ्यात काडीचाही फरक नसतो. फरक पडतो तो एस.टी.च्या पहिल्या उंच पायरीपाशी. तेथून पुढे त्याचे चित्त पक्षकाराच्या कैफियतीवरून उडून भलत्याच प्रश्नांत गुंतते. आजची सुनावणी वरच्या मजल्यावर तर नसेल ना? स्वच्छतागृहाचे दार चाकाची खुर्ची आत जाईल इतके रुंद असेल काय? परतीच्या गाडीत हात देणारा कोणी भेटेल काय? युक्तिवादास लागणारी निम्मी शक्ती अशी न्यायासनापर्यंत पोचण्यातच खर्ची पडते.

अशा माणसाचा समाज सत्कार मोठ्या हौसेने करतो. शाल-श्रीफळ देतो, त्याच्या जिद्दीचे दाखले विद्यार्थ्यांना देतो. परंतु सत्काराच्या व्यासपीठालाच जर चार पायऱ्या असतील, तर त्या गौरवाचा अर्थ काय उरतो? त्याला असामान्य ठरविणे आपल्याला सोपे जाते, कारण त्यामुळे त्याचा दिवस सामान्य करण्याच्या जबाबदारीतून आपण सुटतो. वस्तुतः त्याची मागणी एवढीच असते, की इतरांप्रमाणे त्यालाही एक साधा, बिनघोर, कंटाळवाणा दिवस मिळावा.

तक्रारीतून कायदा

अपंग माणूस वकिलीत नवा नाही. बालपणीच दृष्टी गमावलेले साधन गुप्त हे कलकत्त्याचे बॅरिस्टर. 1953 च्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले आणि 1986 मध्ये पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. आपल्या विदर्भातील उदाहरण घ्यावयाचे, तर नागपूरचे राहुल बजाज हे दृष्टिहीन विधिज्ञ ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले आणि परत येऊन अपंगांच्या हक्कांचे खटले लढवू लागले. अमर जैन हे त्यांचे सहकारी. तेही दृष्टिहीन आणि व्यवसायाने वकीलच.

या मंडळींच्या कामाचा आरंभ कोणत्याही मोठ्या सिद्धांतातून झालेला नाही. बँकेत खाते उघडावे, तर दूरध्वनीच्या पडद्याकडे पाहून डोळ्यांची उघडझाप करा असा हुकूम सुटतो. ज्याला पडदा दिसतच नाही त्याने काय करावे? ही अगदी घरगुती वाटावी अशी अडचण अमर जैन यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. अॅसिड हल्ल्यात डोळ्यांना व चेहऱ्याला इजा झालेल्यांचीही तशीच याचिका होती. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की अंकीय सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, आणि ओळख पडताळणीची पद्धत सुधारण्यासाठी वीस निर्देश दिले.

न्यायव्यवस्थेनेही स्वतःच्या घराकडे उशिरा का होईना पाहिले. तामिळनाडूत न्यायाधीशपदासाठी अर्ज करणाऱ्या एका दृष्टिबाधित उमेदवाराला, त्याच्या अपंगत्वाचे प्रमाण ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आहे म्हणून वगळण्यात आले, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. पुढे 2021 मध्ये त्याच न्यायालयाने, यथोचित सोयीसुविधांचा विचार त्या निकालात झालेला नाही, असा शेरा मारला. आणि 3 मार्च 2025 रोजी तर, केवळ अंधत्वाच्या कारणाने कोणालाही न्यायिक सेवेपासून दूर ठेवता येणार नाही, असा निर्वाळा दिला. सहा वर्षांत घडलेला हा पालट लहान नव्हे.

रंगमंच आणि रुपेरी पडदा

करमणुकीचा विचार येथे गौण वाटण्याचा संभव आहे. तथापि माणूस केवळ न्यायालय आणि बँक यांवर जगत नाही. ‘पठाण’ हा चित्रपट जानेवारी 2023 मध्ये प्रदर्शित होण्याच्या सुमारास दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या निर्मात्यांना, घरबसल्या पाहावयाच्या आवृत्तीसाठी दृश्यांचे ध्वनिवर्णन व संवादांच्या अक्षरपट्ट्या तयार करण्याचा आदेश दिला. अर्जदारांत एक दृष्टिहीन विधि-विद्यार्थीही होता. ज्या चित्रपटाची चर्चा वर्गातील प्रत्येक जण करतो, त्या चर्चेत आपल्यालाही भाग घेता यावा, ही इच्छा क्षुल्लक कशी म्हणावी?

पडद्यावर काय दाखविले जाते, हाही प्रश्न आहेच. ‘आंख मिचौली’ या चित्रपटावरून निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या दाव्यात 8 जुलै 2024 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मार्मिक भेद केला. अपंगत्वाकडे नव्या दृष्टीने पाहावयास लावणारा विनोद वेगळा आणि अपंगाला हिणविणारा विनोद वेगळा. तोतऱ्याच्या तोतरेपणावर आणि लंगड्याच्या चालीवर हशे वसूल करण्याची आपल्या रंगभूमीची व चित्रपटांची जुनी सवय आठवली, म्हणजे या भेदाचे महत्त्व पटते.

नवेगाव बांधच्या परिसरात तर नाटक ही केवळ करमणूक नव्हे. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले, की झाडीपट्टीच्या नाटकांना बहर येतो. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव फिरतात आणि रात्र संपेपर्यंत मंडपातून कोणी हलत नाही. त्या रात्री सारे गाव एका जागी असते. तेथे ज्याला नेणे अवघड म्हणून घरी ठेवले जाते, तो केवळ एका नाटकाला मुकत नाही. तो गावाला मुकतो.

तळ्यातले पाणी, पाटातला गाळ

कायद्याचा तलाव आज भरलेला आहे, हे नाकारता येणार नाही. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी, नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. नियम जून 2017 मध्ये झाले. म्हणजे मुदत 2022 मध्येच सरली. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला असे आढळले, की कायद्यात बंधन आहे पण नियमात केवळ शिफारस आहे. तो नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरविला. पाटात गाळ कोठे साचतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 60 हजार, आणि देशातील एकूण अपंगांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक खेड्यांत. अपंग कल्याणासाठी महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र विभाग उभारला, हे स्तुत्यच आहे. ‘अपंग’ या शब्दाऐवजी आता ‘दिव्यांग’ म्हणतात. परंतु शब्द बदलल्याने पायरीचा उतार होत नसतो.

यावर ठरलेले उत्तर खर्चाचे असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे. इमारत बांधतानाच उतार ठेवला, तर त्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो; मागाहून तोडफोड करून केला, की तो वाढतो; आणि मुळीच केला नाही, तर खर्च नाहीसा होत नाही, त्याचा भार केवळ दुसऱ्याच्या माथी जातो. सार्वजनिक अंदाजपत्रकातून वगळलेली रक्कम त्या वकिलाच्या घरखर्चात रिक्षाचे भाडे म्हणून, सोबत येणाऱ्या भावाची बुडालेली मजुरी म्हणून आणि न घेतलेल्या पक्षकारांचे हुकलेले शुल्क म्हणून दरमहा उमटत राहते. ही काटकसर नव्हे. हा दुर्बळावर बसविलेला अघोषित कर होय.

शिवाय कित्येक सुधारणांना पैसाही लागत नाही. अपंग वकिलाचे वा पक्षकाराचे प्रकरण तळमजल्यावर चालविण्यास केवळ एक आदेश पुरतो. दस्तऐवज छापून, शिक्के मारून त्यांची छायाचित्रे संगणकावर चढविण्याऐवजी मूळ टंकलिखित मजकूरच दाखल करून घेतला, तर दृष्टिहीनाला तो संगणकाकडून मोठ्याने वाचवून घेता येतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय मिळाली. सोय चांगलीच, पण ज्याला शेजाऱ्यांसमवेत केंद्रावर जाऊन मत द्यावेसे वाटते, त्याच्या वाटेवरचा उंबरठा त्यामुळे दूर होत नाही. ग्रामपंचायतींनी स्वनिधीतील पाच टक्के रक्कम अपंगांसाठी राखावयाची असते. ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार शिक्षकाला आहे, कारकुनाला आहे आणि अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यालाही आहे. नाटकाच्या मंडपात चाकाच्या खुर्चीसाठी पुढची जागा राखण्यास तर एक दोरी बांधली की पुरते.

दिल्लीच्या न्यायालयात तलाव भरला, हे खरे. ज्यांनी तो भरण्यासाठी आपल्या रोजच्या अपमानाची याचिका केली, त्यांचे ऋणही मान्य केले पाहिजे. पण पाट उपसण्याचे काम न्यायालय करीत नाही. ते गावालाच करावे लागते. नवेगाव बांधच्या त्या वकिलाची संध्याकाळ ज्या दिवशी केवळ हरलेल्या दाव्यावर चरफडण्यात आणि रात्रीच्या नाटकाची वाट पाहण्यात जाईल, पायऱ्यांची आठवणही त्याला होणार नाही, त्या दिवशी कायद्याचे पाणी शेवटच्या बांधीत पोचले असे म्हणावे. तोवर तलावाच्या तुडुंबपणाचा अभिमान बाळगणे उचित नव्हे.