बाप परगांवीं, मूल बांधावर

पेण व रोहें तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी घरांत आज एक तरी कर्ता माणूस नोकरीनिमित्त बाहेर असतो. रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ सालीं आली, त्यामुळें मुंबईस असणारा शनिवारीं रात्रीं घर गांठूं शकतो. परंतु तोंपर्यंत लहान मूल झोंपलेलें असतें. बोटीवर अगर आखाती मुलखांत असणाऱ्याची गोष्ट तर महिन्यांवर जाते.

जमीन राखण्याविषयीं आपण जागरूक आहों. २००८ सालीं सेझच्या प्रश्नावर पेण तालुक्यांतील २२ गांवांचें जनमत घेण्यांत आलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. पण ज्या मुलानें बापाच्या बोटाला धरून बांध कधीं तुडविला नाहीं, त्याला उद्यां सातबारा म्हणजे नुसता कागद वाटला तर दोष कोणाचा?

खिशांतल्या फोनवर आतां बापाचा चेहराहि दिसतो. तरी बोलणें काय होतें? "जेवलास कां? अभ्यास केलास कां?" दोन होकार देऊन मूल पळून जातें. त्याला बोलायला कांहीं जिन्नस द्यावा, असें आमचें मत आहे. घरामागें हातभर वाफा त्याच्या नांवाचा करून द्यावा. भात कापल्यावर ओलीवर वाल टोंचावे. किती उगवले, किती किड्यानें खाल्ले, ही खबर बापाला देणें हें त्याचें काम. बापानेंहि मागची खबर ध्यानांत ठेवून पुढें विचारावें. खारपट्टींत तर सोयच आहे. मुंबई बंदरांत चढणारी भरती थोड्याच वेळांत धरमतरच्या खाडींतून पेणच्या बांधांना लागते. पौर्णिमेला मुलानें आजोबांबरोबर जाऊन उघाडीचें दार नीट बसलें कीं नाहीं तें पाहावें, आणि मुंबईच्या बापाला विचारावें, "बाबा, तिकडे पाणी किती चढलें?" हें बोलणें दोन होकारांत संपत नाहीं.

खाऊ-खेळणीं आणूं नयेत असें नव्हे. मात्र दर खेपेस आणल्यास मूल बापाची नव्हे, पिशवीची वाट पाहूं लागतें. याहून वाईट खोड घरांतल्या वडील माणसांची. "थांब, बाबा आले म्हणजे सांगतें!" असा धाक रोज घातल्यावर तें मूल बाप आल्यावर दाराआड लपलें तर नवल काय? नोकरीसाठीं आई बाहेर असते त्या घरांनींहि हें पाळावें.

पौष-माघांत शेंगा भरतात. पोपटीचा दिवस गांवाच्या सोयीनें न धरतां बापाच्या रजेवर धरावा. भांबुर्ड्याचा पाला गोळा करणें मुलाकडे, मडकें भरून उपडें घालणें व जाळ लावणें बापाकडे. रजा आठवडाभर लांबली तर थांबावें. शेंगा किंचित् जून होतील, इतकेंच.