खटावचा मतदारसंघ आणि शेतकऱ्यांनी घ्यावयाचा धडा

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यास विधानसभेत स्वतःच्या नावाचा मतदारसंघ होता, ही गोष्ट आता तरुण शेतकऱ्यांस सांगावी लागते. २००४ सालची सार्वत्रिक निवडणूक ही त्या मतदारसंघाची शेवटची. २००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना अमलात आली आणि २००९ साली खटावकरांनी मते दिली ती माण, कोरेगाव व कराड उत्तर अशा तीन निरनिराळ्या मतदारसंघांत. तालुक्याचे ठाणे वडूज माणकडे गेले, पुसेसावळीचा भाग कराड उत्तरकडे गेला, आणि तिसरा तुकडा कोरेगावास जोडला गेला. ही जुनी हकीकत आज सांगण्याचा हेतू कोणास दोष देण्याचा नसून पुढील सावधगिरीचा आहे.

प्रथम हे का घडले ते पाहू. विधानसभेच्या एकंदर २८८ जागा कायम ठेवून २००१ च्या शिरगणतीप्रमाणे त्यांची वाटणी करावयाची होती. ठाणे जिल्ह्याच्या १३ जागांच्या २४ झाल्या. एकंदर बेरीज तीच राहावयाची असल्यामुळे ही वाढ इतर जिल्ह्यांच्या वाट्यातूनच निघणार हे उघड आहे. कोल्हापूर १२ वरून १० वर आले. सातारा १० वरून ८ वर आले व खटाव आणि जावळी ही दोन नावे यादीतून गेली. प्रत्येकाच्या मताचे मोल सारखे असावे हे तत्त्व न्यायाचे आहे आणि ते आम्हांस पूर्णपणे मान्य आहे.

तथापि ह्या न्यायाची एक दुसरी बाजू आहे, ती शेतकऱ्यांवाचून कोण सांगणार? खटाव हा अवर्षणाचा मुलूख. येरळा नदी ह्याच तालुक्यात उगम पावते, परंतु तिच्या पाण्यावर सर्व शिवार भिजत नाही. म्हणून कित्येक घरांतील कर्ती माणसे मुंबईस गेली, कित्येक गलाईच्या धंद्यात परमुलखी गेली, आणि जेथे गेली तेथेच शिरगणतीत मोजली गेली. डोकी कमी भरली म्हणून प्रतिनिधी गेला. आणि पाण्यासाठी झगडावयाचे तर प्रतिनिधीच हवा! दुष्काळाने आधी माणूस नेला आणि मागाहून त्याचा आवाजही नेला, असेच म्हणावे लागते.

कोणी म्हणतात, एकाच्या जागी तीन आमदार मिळाले, ह्यात वाईट ते काय? दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, मग तीन घरच्याची काय कथा! जिहे-कठापूर योजनेत कृष्णेचे पाणी कोरेगाव तालुक्यातून उचलून नेरच्या तलावात आणावयाचे. उरमोडीचे धरण सातारा तालुक्यात. टेंभूचा बंधारा कराड तालुक्यात. म्हणजे पाण्याचे मूळ परक्या तालुक्यात आणि शेपूट खटावात. शेपटाकडच्या शेतकऱ्याने एकमुखाने ओरडल्याशिवाय त्याच्या पाटास पाणी येत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. तीन ठिकाणी विखुरलेल्यांनी एकमुखाने कसे बोलावे?

ह्याच तालुक्यातील औंधचे उदाहरण येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. औंध, आटपाडी, कुंडल व दूर विजापुराकडील गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांचे ते संस्थान. तेथे १९३९ साली जी घटना अमलात आली, तिच्यात गावाने पंच निवडावे, पंचायतींच्या अध्यक्षांचे तालुकामंडळ व्हावे आणि त्यातून विधिमंडळावर सभासद जावे, अशी व्यवस्था होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले. पण प्रतिनिधित्वाचे मूळ गावात व तालुक्यात असते, हे तत्त्व जुने होत नाही.

मग उपाय काय? ८४ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली ती २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंतच. तेव्हा पुन्हा रेघा ओढल्या जाण्याचा प्रश्न उभा राहणारच. मागील पुनर्रचनेच्या २००२ च्या कायद्यात असे होते की शक्य तोवर मतदारसंघ सलग असावा. तालुक्यांच्या सीमा, दळणवळण व लोकांची सोय पाहावी. प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या व जाहीर बैठकीत त्यांचा विचार करावा. हुकूम अखेरचा झाल्यावर मात्र न्यायालयात दाद लागणे फार कठीण. म्हणजे शेतकऱ्याची संधी हरकतीच्या मुदतीपुरतीच! मुदत सुगीच्या घाईत आली आणि आपण खळ्यावर राहिलो, तर पुढील कित्येक वर्षे हळहळणे तेवढे हाती उरेल.

ह्यास्तव प्रत्येक तालुक्यातील सोसायट्यांनी व पाणीवापर संस्थांनी आतापासून आपला नकाशा तयार ठेवावा. त्यात नुसती लोकसंख्या न दाखविता कालवे, ओढे, बाजारपेठा व रस्ते दाखवावे, आणि ग्रामसभांचे ठराव त्यास जोडावे. तालुका अखंड ठेवणे आकड्यांमुळे अशक्य झाले, तर निदान एका कालव्यावरील गावे तरी तोडू नयेत, एवढी मागणी रास्त आहे. आणि खटावकरांनी तोवर थांबू नये. आपल्या तिन्ही आमदारांस दर हंगामापूर्वी वडूज येथे एकत्र बोलावून पाण्याचा हिशेब मागावा. मतदारसंघ तीन झाले तरी तहान एकच आहे.