पेटंट म्हणजे औषध नव्हे

लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया सोडला, की काळा गाळ खाली बसतो. हेच मॅग्नेटाइट. सातारा, सांगली परिसरातल्या महाविद्यालयांत अशा चुंबकीय पदार्थांवर वर्षानुवर्षे संशोधन होत आले आहे. कण बनवायला फार महागडी यंत्रे लागत नाहीत, हेही त्यामागचे एक कारण. अशा एखाद्या प्रयोगशाळेला कर्करोगाचे औषध वाहून नेणाऱ्या कणांचे पेटंट मिळाले, तर जिल्ह्याला अभिमान वाटणारच. पण घरात रुग्ण असलेला माणूस ती बातमी वाचून एवढेच विचारतो, ‘हे औषध मिळते कुठे?’

कल्पना सुरेख आहे. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध शिरेतून दिले की ते सर्वांगात फिरते. केस गळतात, हृदयालाही इजा होऊ शकते. तेच औषध अतिसूक्ष्म चुंबकीय कणांना चिकटवायचे आणि शरीराबाहेर चुंबक धरून ते गाठीपाशी रोखायचे. कण पुरेसे लहान असले तर चुंबक दूर करताच त्यांचे चुंबकत्व जाते, म्हणून ते एकमेकांना चिकटून राहत नाहीत.

बर्लिनमध्ये हा प्रयोग माणसांवर झाला, त्याचे निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण 14. त्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये कण गाठीपर्यंत नेता आले. त्यानंतर इतकी वर्षे गेली, तरी ही पद्धत नेहमीच्या उपचारांत आलेली नाही. अंतर वाढले की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते, त्यामुळे खोलवरची गाठ त्याच्या आवाक्यात येत नाही. शिवाय यकृत आणि प्लीहा असे परके कण रक्तातून टिपून घेतात. टोरांटोच्या संशोधकांनी 2016 मध्ये दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग तपासले, तेव्हा सर्व प्रकारच्या नॅनोकणांपैकी जेमतेम 0.7 टक्का गाठीत पोहोचत असल्याचे दिसले.

पेटंट देताना कल्पना नवी आहे का, ती प्रत्यक्षात आणता येते का, हे पाहतात. रुग्ण बरा होतो का, हे पाहत नाहीत. त्यासाठी आधी प्राण्यांवरच्या चाचण्या, मग केंद्रीय औषध नियंत्रकांची व नैतिकता समितीची परवानगी, आणि त्यानंतर माणसांवरचे टप्पे.

तंबाखू, मिश्री आणि माव्याच्या या पट्ट्यात तोंडाची गाठ वरवर असते, चुंबकाच्या आवाक्यात येऊ शकते. तेव्हा संशोधनाला इथे जागा आहे. पण मिरज आणि कराडच्या कर्करोगतज्ज्ञांना विद्यापीठांनी पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायला हवे. पेटंट मिळाल्यावर सत्काराला बोलावून भागणार नाही. आणि केमोथेरपी सुरू असलेल्या रुग्णाने अशा बातमीवर विसंबून पुढची तारीख चुकवू नये.