ध्रुवावर प्रथम कोण गेला?

दक्षिण ध्रुवावर प्रथम कोण पोहोंचला, हा प्रश्न आमच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. उत्तर एका शब्दाचें, गुण एक. ज्यास 'आमुंडसेन' हें नांव आठवलें त्यास गुण मिळाला. ज्यानें 'स्कॉट' लिहिलें त्याचा गेला. आणि ध्रुव म्हणजे काय, तेथें कसें जातात व तेथून परत कसें येतात, यांतलें उभयतांसही कांहींच कळलें नाहीं. भूगोलाचें असें शिक्षण आम्हांस अपुरें वाटतें. इतकेंच नव्हे, तर तें मुलांच्या मनास एक वांकडें वळण लावतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाच्या कसोटीवर अर्नेस्ट शॅकल्टन यास किती गुण मिळतील तें पाहा. ९ जानेवारी १९०९ रोजीं तो व त्याचे तिघे सोबती दक्षिण अक्षांश ८८ अंश २३ कला येथपर्यंत गेले. ध्रुव अवघा ९७ सागरी मैल राहिला होता. इतक्या दक्षिणेस तोंवर कोणीही मनुष्य गेलेला नव्हता. परंतु शिधा सरत आला होता. पुढें गेल्यास ध्रुव कदाचित्‌ हातीं लागला असता, पण परतीच्या वाटेवर उपासमार ठरलेली होती. हा हिशेब त्यानें केला आणि तोंड फिरविलें. चौघेही जिवंत परत आले. ज्याचा ध्यास घेऊन घरदार सोडलें, तें इतकें जवळ आलें असतां सोडून देणें हें पुढें जाण्याहून सोपें होतें, असें कोणी म्हणूं नये. शिवाय बिअर्डमोर हिमनदीवरून वर चढण्याची जी वाट त्यानें शोधून काढिली, तीच वाट पुढें स्कॉटनें धरली. तरीही आमच्या उत्तरपत्रिकेंत शॅकल्टनला शून्य! मुलांस यावरून एकच धडा मिळतो, कीं पहिला आला तो खरा, बाकीचे सारे फुकट गेले. वर्षभर काय वाचलेंस, काय करून पाहिलेंस, हें न विचारतां निकालाच्या दिवशीं 'कितवा आलास?' एवढेंच विचारणारे पालक हाच धडा घरीं गिरवून घेत असतात, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

बरें, ज्यास गुण मिळतो त्या आमुंडसेनलाही या प्रश्नानें न्याय मिळतो असें नाहीं. १४ डिसेंबर १९११ रोजीं तो ध्रुवावर पोहोंचला, हें खरें. पण ती तयारी कित्येक वर्षें आधीं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास झालेली होती. १९०३ ते १९०६ या काळांत 'योआ' नांवाच्या लहानशा गलबतांतून तो अमेरिकेच्या उत्तरेकडील सागरी मार्गानें गेला, तेव्हां एकाच बंदरांत त्यास दोन हिंवाळे काढावे लागले. तेथील नेट्सिलिक लोकांपाशीं तो शिष्यासारखा शिकला. कातड्याचे सैल कपडे कसे घालावे, अंगास घाम येऊं न देतां कसें चालावें, कुत्र्यांकडून घसरगाडी कशी ओढवावी, हें त्यानें त्यांच्यापासून उचललें. ज्यांस जुन्या पुस्तकांतून एस्किमो म्हणत व जे स्वतःस इन्युइट म्हणवितात, त्यांच्यापैकींच हे लोक. आमच्या मुलांस त्यांच्याविषयीं काय ठाऊक असतें? ते बर्फाच्या घरांत राहतात, इतकेंच. तेंही धड खरें नाहीं. बर्फाचें घर हा त्यांच्यापैकीं कांहींचा हिंवाळ्यांतील मुक्काम असे, आणि आज ते लांकडी घरांत राहतात. आमुंडसेनच्या यशाची दुसरी बाजूही मुलांपासून लपवूं नये. तो ५२ कुत्रीं घेऊन निघाला व ११ घेऊन परतला. बाकीच्यांपैकीं बहुतेक त्यानें ठरवून मारलीं, व त्यांचें मांस माणसांस व उरलेल्या कुत्र्यांस खाऊं घातलें. हें योग्य कीं अयोग्य, यावर वर्गांत वाद होऊं द्यावा.

आतां स्कॉट. १७ जानेवारी १९१२ रोजीं तो चार सोबत्यांसह ध्रुवावर पोहोंचला, तों तेथें नॉर्वेचा तंबू उभा! परतीच्या वाटेवर पांचही जण मृत्यु पावले. त्यांतील शेवटच्या तिघांचा तंबू अन्नाच्या मोठ्या सांठ्यापासून केवळ ११ मैलांवर सांपडला. स्कॉटच्या बेतांत चुका होत्या. तट्टें त्या बर्फांत रुतत. ठिकठिकाणीं ठेवलेल्या डब्यांतून तेल झिरपून गेलें होतें. रोजचा आहार त्या श्रमांस पुरेसा नव्हता. हें सारें शिकवावें; मेलेल्या माणसाची केवळ आरती ओंवाळणें हें शिक्षण नव्हे. परंतु त्यांच्या घसरगाडीवर आणखी कांहीं होतें. ८ फेब्रुवारीस, अंगांत त्राण नसतां, त्यांनीं वाटेंत थांबून दगड गोळा केले होते. ते सुमारे ३५ पौंड दगड त्यांनीं शेवटपर्यंत ओढीत नेले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले.

या पानाची कथा तरी आमच्या मुलांस परकी वाटूं नये. चंद्रपूरकडील कोळशाच्या थरांत तेंच पान सांपडतें. पंचवीस कोटि वर्षांहून अधिक काळापूर्वीं भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका हे भूभाग एकमेकांस जोडलेले होते. आणि त्या जोडखंडास शास्त्रज्ञांनीं जें 'गोंडवन' नांव दिलें, तें आमच्या शेजारच्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून. ध्रुवाचें एक पान आमच्याच मातीखालीं पुरलेलें असतां, ध्रुवाशीं आमचा संबंध काय, असें विचारण्यास जागा उरत नाहीं.

स्कॉटच्या त्या मंडळींत हिंदुस्थानांतून गेलेले लोकही होते. बॉवर्स हा येथील सरकारी आरमारांतला अधिकारी. ओट्स महूच्या छावणींत राहिलेला घोडदळांतला कप्तान. आणि हवामानाची नोंद ठेवणारा जॉर्ज सिम्प्सन हा सिमल्याच्या वेधशाळा खात्यांतून मागून घेतलेला. स्कॉटच्या शोधास जी तुकडी निघाली तिच्याबरोबर हिंदी सैन्याचीं सात खेचरें होतीं, आणि त्यांचीं नांवें लाल खान, गुलाब, बेगम अशीं! मुलें हंसतील, आणि म्हणूनच लक्षांत ठेवतील. सिम्प्सनच्या नोंदींचें महत्त्व मात्र फार मोठें. १९१२ च्या मार्चांतील थंडी त्या जागीं नेहमीं पडणाऱ्या थंडीहून पुष्कळच अधिक होती, हें सुझान सॉलोमन या विदुषीनें २००१ सालीं दाखवून दिलें, तें अशा जुन्या नोंदी पुढील काळांतील मोजमापांशीं ताडून पाहिल्यामुळें.

भारताची स्वतःची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याहून निघाली. डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखालीं २१ जण ९ जानेवारी १९८२ रोजीं अंटार्क्टिकावर उतरले. १९८३ च्या मोहिमेंत नागपूरच्या डॉ. अदिती पंत व भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी होत्या. त्या खंडावर जाणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्याच सुमारास 'दक्षिण गंगोत्री' हें ठाणें उभें राहिलें, पण तें समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर असल्यामुळें हळूहळू बर्फाखालीं गाडलें गेलें. पुढचें 'मैत्री' ठाणें मग खडकावर बांधलें. आमच्या मते हें एक वाक्य फळ्यावर लिहून त्यावर अर्धा तास बोलावें.

कोणी शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रमच संपत नाहीं. ज्या मुलांनीं बर्फ पाहिलें तें गोळेवाल्याच्या गाडीवर, त्यांस हें कसें समजावें? त्यांस आम्ही एवढेंच सुचवितों, कीं तोच बर्फाचा खडा घ्या. पाणी भरलेल्या एका पेल्यांत तो तरंगत ठेवा व पाण्याच्या पातळीवर खूण करा. दुसऱ्या पेल्यांत पाण्याबाहेर डोकें काढणारा दगड ठेवा, पातळीची खूण करा, आणि मग बर्फ दगडावर ठेवा. दोन्ही वितळूं द्या. पहिल्या पेल्यांत पाणी खुणेपाशींच राहील, दुसऱ्यांत चढेल. उत्तर ध्रुवाचें बर्फ समुद्रावर तरंगतें, दक्षिणेचें बव्हंशीं जमिनीवर आहे, आणि कांहीं ठिकाणीं त्याची जाडी चार हजार मीटरांहून अधिक आहे. तें वितळण्याची वार्ता मुंबईच्या व कोंकणच्या किनाऱ्यावरील मुलांनीं कां ऐकावी, हें त्या दोन पेल्यांवरून त्यांचें त्यांसच कळेल. या प्रयोगास पाठ्यपुस्तक लागत नाहीं, आणि घरच्या ओट्यावरही तो करतां येतो.

राहतां राहिला परीक्षेचा प्रश्न. 'प्रथम कोण गेला' हा एका गुणाचा प्रश्न खुशाल ठेवावा. त्याखालीं मात्र दुसरा घालावा: शॅकल्टन ९७ मैलांवरून परत कां फिरला? चार माणसें, उरलेला शिधा व परतीचें अंतर यांचा हिशेब मांडा, आणि त्या जागीं तुम्ही असतां तर काय केलें असतें तें लिहा. या प्रश्नास दहा गुण असावेत, आणि 'मी पुढें गेलों असतों' असें लिहिणाऱ्या मुलाचा हिशेब जर बरोबर असेल, तर त्यासही ते पुरे द्यावेत.